फुकट शिकवलं म्हणून मुलं गेली?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका गायनशिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या संगीत विशारद आहेत. लग्न होऊन या गावात आल्या आणि गेली 9 वर्षं घरच्या पडवीत मुलांना गाणं आणि पेटी शिकवतात. महिना 600 रुपये देणारी 14 मुलं त्यांच्याकडे येतात. ही मुलं शिक्षकांची, दुकानदारांची, बागायतदारांची. यंदा संक्रांतीनंतर त्यांनी खालच्या वाडीतल्या मुलांसाठी बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मोफत वर्ग सुरू केला. मच्छीमारांची, चिरेखाणीवरच्या कामगारांची, आंबाबागेतल्या राखणदारांची मिळून 22 मुलं आली. एप्रिलअखेर त्यातली 5 उरली. एका मुलीला त्यांनी 'धाकट्या भावाला घेऊन येत जाऊ नकोस' म्हणून सांगितलं, तेव्हापासून ती आलीच नाही. शेजारी म्हणतात, "फुकटाची कोणाक किंमत नसता." घरचेही तेच म्हणतात. फी भरणाऱ्या दोन पालकांनी विचारलं, 'आमच्याकडून पैसे घेता, मग त्यांना फुकट का?' त्या लिहितात: 'या मुलांना संगीताची गोडी लावणं मला जमलं नाही. आता थोडी का होईना फी लावू, की वर्गच बंद करू?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तारखांपाशी थांबले. वर्ग सुरू झाला संक्रांतीनंतर आणि मुलं गळाली मार्च-एप्रिलात. हे महिने आपल्याकडे कसले असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. आंबा उतरायला लागला की घरातलं प्रत्येक हाताशी येणारं माणूस बागेत असतं. मोठे झाडावर, बायका प्रतवारी करायला, पोरं गवत आणायला आणि पेट्या भरायला. एप्रिलात खालच्या वाडीत पेटी म्हटलं तर आंब्याचीच. शाळेच्या वार्षिक परीक्षा त्याच दिवसांत. आणि संध्याकाळी पाचला होड्या किनाऱ्याला लागत असतील, तर त्या वेळी आई बंदरावर लिलावाला असते. मग घरी धाकट्याला कोण बघणार? दहा वर्षांची बहीण.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा. मुलं गेली ती फी नव्हती म्हणून गेली, हे तुम्हाला त्यांच्यापैकी कुणी सांगितलं का? पत्रात हे वाक्य शेजाऱ्यांच्या तोंडी आहे, घरच्यांच्या तोंडी आहे. त्या 17 घरांपैकी एकाच्याही तोंडी नाही.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. माझं लहानपण रत्नागिरीच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात गेलं. तिथं पेटीचा वर्ग होता. फी होती, पण माझ्या वडिलांनी ती कशीबशी भरली असती. शिकवणाऱ्यांनी विचारलं, "घरी पेटी आहे का? नाहीतर सराव कसा करणार?" पेटी नव्हती, विषय तिथंच संपला. मी सारवलेल्या जमिनीवर खडूने पांढऱ्या-काळ्या पट्ट्या काढायचे आणि त्यावर बोटं फिरवायचे. आई परत सारवायची, मी परत काढायचे. फी माफ झाली असती तरी मी चार महिन्यांत गळले असते, कारण बाकीची मुलं अलंकार वाजवू लागली असती आणि मी जमिनीवर बोटं आपटत बसले असते. मागे पडलेल्या मुलाला वर्गात जायची लाज वाटते. ते घरी 'पोटात दुखतं' म्हणून सांगतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं त्याला आवडच नाही.

गोडी लावणं जमलं नाही, असं तुम्ही लिहिता. ताई, ज्या वाडीत गणपतीत रात्र-रात्र भजन चालतं, सप्ताहात भजनाचे पहारे लागतात, डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना असला की माणसं दुसऱ्या गावाहून टेम्पो करून येतात, त्या वाडीतल्या मुलाला गोडी कुणी लावायची गरज नसते. सहा वर्षांचं पोर चकवा हे भजनातलं वाद्य हातात धरून गजरात बसतं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक कशी नि किती लावायची, हे ते बघून-बघून शिकलेलं असतं. दशावताराच्या नाटकाला ते मांडवात पुढे बसून जागतं आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डब्यावर तोच ठेका वाजवतं. ही मुलं तुमच्याकडे आली तेव्हा त्यांच्या हातात भजनी ठेका होता. तुम्ही त्यांना पहिल्या दिवशी काय दिलंत? पत्रावरून वाटतं, वहीत सा रे ग म लिहून घेतलं आणि त्रितालाच्या 16 मात्रा पाठ करायला दिल्या. ते चुकीचं नाही. पण ज्या मुलाला आठ मात्रांचा ठेका झोपेतही चुकत नाही, त्याला आधी तो वाजवू द्या, मग त्याच ठेक्यावर टाळी कुठे आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता मोजायची मात्रा, कुठे ते दाखवा. 'मला येतं ते बाईंनाही माहीत आहे' एवढं कळलं की मूल सैल होतं. नंतर पाच स्वरांचा भूप राग घ्या, दुर्गा घ्या. त्रिताल पळून जात नाही.

इथं एक काळजी घ्या. भजनापासून सुरुवात केली की सगळी मुलं आपोआप आत येतील असं नाही. खालच्या वाडीत मुसलमान मच्छीमारांची घरं असतील. चिरेखाणीवरची मुलं बहुधा कानडी बोलणारी. बागेतले राखणदार नेपाळचे असतील, तर त्यांच्यातल्या एखाद्या बापाला मादल हा त्यांच्याकडचा ढोल वाजवता येत असेल, त्याला विचारा आणि एक दिवस बोलवा. अभंगाच्या जोडीला होडी वल्हवतानाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, देशभक्तीपर गीतं, नुसत्या सरगमी असं सगळं ठेवा. आणि रागावू नका, पण हेही विचारते. वर्ग तुमच्या घरी आहे आणि तुमचं घर वरच्या वाडीत. खालून आलेली मुलं पडवीत कुठे बसतात? फी देणाऱ्यांच्या सतरंजीवर, की दाराशी? पाणी कुठल्या भांड्यातून पितात? तुमच्या मनात काही नसेल, मला खात्री आहे. पण घरातली वडीलधारी माणसं नुसत्या नजरेनेही पुष्कळ बोलतात आणि मुलांना ती भाषा लवकर कळते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हा वर्ग घरातून हलवा.

हलवायचा कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा सुटल्या-सुटल्या पाऊण तास. मूल घरी जाऊन दप्तर टाकून परत यायला निघालं की वाटेत दहा कामं त्याला अडवतात. शाळेतूनच थेट बसलं तर पुष्कळ गळती थांबते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात, म्हणजे खोली मागायची ती बहुतेक या मुलांच्या आई-बापांकडेच. मुख्याध्यापकांना आधी भेटा, मग समितीच्या बैठकीत विषय ठेवा. कलेच्या तासिका वेळापत्रकात असतातच, शिकवायला संगीतातलं माणूस नसतं. तुम्ही आपणहून जाताय म्हटल्यावर ते बहुधा खुर्ची पुढे करतील. जाताना एकट्या जाऊ नका, वर्गाच्या वेळी एखादी आई किंवा शिक्षिका खोलीत असू द्या. मुलींना अंधारापूर्वी घरी पोचता यायला हवं. लहान मुलांचा वर्ग कुणीही काढला, तरी दोन मोठी माणसं हजर असणं हा पहिला नियम ठेवावा.

आणि धाकट्या भावाला घेऊन येणारी ती मुलगी. तिच्या घरी तुम्ही स्वतः जा. 'का येत नाहीस' असं विचारू नका, त्याचं उत्तर तिच्या आईला द्यावं लागेल आणि तिला अपराधी वाटेल. 'भावाला घेऊन ये' एवढंच सांगा. तो रडेल, वर्गात धावेल, पेटीच्या भात्याला हात घालेल. एका मुलाला आळीपाळीने त्याला सांभाळायला बसवा. चार दिवसांनी तो टाळ्या वाजवेल. गरीब घरातल्या मुलींसाठी वर्ग काढायचा म्हणजे त्यांच्या कडेवरच्या भावंडांसाठीही काढायचा, यावर मला दुसरा उपाय माहीत नाही.

सरावाचं काय, हा खरा अवघड भाग आहे. घरी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, असं शहरातले शिक्षक सांगतात. इथं फोन बापाबरोबर समुद्रात असतो. तेव्हा वाद्य घरी न्यायची वही घाला. तुमच्या गावात किती पेट्या कपाटात बंद आहेत ते मोजा. देवळातली एक, प्रत्येक वाडीच्या भजनी मंडळाची एकेक, आणि ज्या घरातले बुवा वारले त्या घरातली, कापडात गुंडाळलेली. गणपती ते सप्ताह सोडला तर त्यांना हात लागत नाही, आणि न वाजणारी पेटी लवकर बिघडते. मंडळाच्या बुवांना म्हणा, दोन पेट्या जूनपासून वर्गाला द्या, चतुर्थीआधी दुरुस्त करून परत मिळतील. एक मूल एका वेळी तीन दिवस घरी नेणार, वहीत तारीख आणि सही. झांजा, टाळ, चिपळ्या तर कुणालाही नेऊ द्या. सही मुलाने करायची, बापाने नाही. बघा ते कसं जपतं.

पण पावसात वाद्य जपायचं तर आधी मोठ्यांनी शिकायला हवं. आपल्याकडच्या हवेत पेटीचं लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही आणि एक सूर बारीक रडत राहतो. तबल्याचं चामडं ओल धरून सैल पडतं, वाद्या कितीही ओढा, सूर उतरलेलाच. शाईला ओल लागली तर ती सुटायला लागते. शाळेत एक लाकडी कपाट मिळवा आणि आत जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी नको, तो तापत नाही. पेटी फरशीवर कधी ठेवायची नाही, खाली फळी हवी. पाऊस ओसरल्यावर वाद्यं कोवळ्या उन्हात ठेवा, चामडं कडक उन्हात नाही. ज्या घरांच्या भिंती पावसाळ्यात झिरपतात, तिथं आषाढात पेटी पाठवू नका. त्या मुलांसाठी शाळेतच अर्धा तास जास्त थांबा.

एक तांत्रिक गोष्टही सांगून टाकते, कारण पुष्कळ शिक्षकांच्या ती लक्षात येत नाही. आपण स्वतःच्या पट्टीत, म्हणजे आपल्या आवाजाला सोयीचा 'सा' धरून, शिकवतो आणि मुलांना ती कधी खोल पडते, कधी उंच. प्रत्येक मुलाची पट्टी पहिल्या आठवड्यात बघून वहीत लिहा. 13-14 वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा ती गप्प होतात आणि मग येईनाशी होतात. त्यांना सांगा की हे सगळ्यांचं होतं, आणि वर्षभर पखवाजावर किंवा पेटीवर बसवा. तुमच्याकडून गळालेल्या 17 मुलांत असा एखादा असेलही.

आता पैशांचं. फी लावू का? 'फी की फुकट' असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. मी म्हणेन, दाराशी एक डबा ठेवा. ज्याला जमेल त्याने, जमेल तेव्हा, जमेल तेवढं टाकावं, कुणी किती टाकलं ते बघायचं नाही. काही आया नारळ आणतील, कोकमाची सोलं आणतील, पावसाच्या तोंडावर सुके बांगडे आणतील. 'अहो कशाला' म्हणून परत करू नका. तुम्ही ते घेता तेव्हा ती बाई तुमच्या बरोबरीची होते. पण ठरलेली फी लावली तर ज्या महिन्यात मासळी नाही त्या महिन्यात मूल आधी लाजेल आणि मग थांबेल. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत खालच्या वाडीत रोख पैसा दिसणं कठीण. गंमत म्हणजे माणसं मात्र याच दोन महिन्यांत घरी असतात. बाप घरी असतो, होड्या वर ओढून झापांखाली, जाळी विणत बसलेला. तुमचा वर्ग जानेवारीऐवजी जूनच्या मध्यावर, शाळा उघडल्या-उघडल्या सुरू झाला असता तर ही 22 मुलं चतुर्थीपर्यंत टिकली असती, असं मला मनापासून वाटतं.

डब्यातून वर्ग चालणार नाही, हे मलाही कळतं. महिन्याचे आठ-नऊ तास तुम्ही देता, त्याचं मानधन मागायला लाजू नका. 'सेवा' म्हणून स्वतःला झिजवलंत तर दोन वर्षांत वर्ग बंद पडेल आणि मुलांना परत कुणीतरी सोडून गेल्याचा अनुभव येईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तुमच्या वर्गाला त्यातून काही मिळू शकेल का, हे ग्रामसभेत विचारा, लेखी अर्ज देऊन विचारा. दुसरी जागा म्हणजे तुमच्या गावच्या माणसांचं मुंबईचं मंडळ. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पावत्या फाडल्या जातात. त्यांच्यासमोर मुलांना उभं करा, दोन गजर म्हणू द्या, आणि मग नेमकं मागा: एका तबल्याची चामड्याची नवी पुडी, दोन पेट्यांची दुरुस्ती, बाईंचं वर्षाचं मानधन. 'संगीत विद्यालयासाठी इमारत' मागू नका.

इमारतीचं मुद्दाम म्हणते. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कुठल्या संस्थानिकाच्या जिवावर नाही, लोकांच्या पैशावर आणि तिकीट लावून केलेल्या मैफलींवर. गरीब मुलांना ते जवळ ठेवून घेत, शिकवत, आणि तीच मुलं पुढे गावोगाव शिकवायला गेली. पुढे मोठे गायक झालेले ओंकारनाथ ठाकूर अशाच हलाखीच्या घरातून त्यांच्याकडे आले होते. हे सगळं टिकलं. पण मुंबईत इमारतीसाठी झालेलं कर्ज फिटलं नाही आणि ती वास्तू हातची गेली. विद्यार्थी शिकवत राहिले म्हणून विद्या राहिली. तुमच्याकडे वरच्या वर्गात मध्यमा परीक्षेपर्यंत पोचलेली एखादी मुलगी असेल, तिला आजपासून मदतनीस करा. व्हेनेझुएलात 1975 साली होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी कराकसच्या एका गॅरेजात मूठभर मुलं घेऊन वाद्यवृंदाचं जे काम सुरू केलं, ज्याला आज एल सिस्तेमा म्हणतात, त्यातही मुलं पहिल्या दिवसापासून एकत्र वाजवतात आणि थोडं पुढे गेलेलं मूल मागच्याला शिकवतं. त्यांच्यामागे सरकारचा पैसा उभा राहिला, आपल्यामागे नाही. पण एकत्र वाजवणं आपल्याला नवीन कुठे आहे? भजनात एकट्याने कोण शिकतो?

'त्यांना फुकट का?' विचारणाऱ्या त्या दोन पालकांना काय सांगायचं, हाही प्रश्न आहेच. त्यांना सांगा, तुमच्या मुलाला मी स्वतंत्र वेळ देते, त्याची ती फी. आणि पुढे म्हणा की महिन्यातून एक शनिवार सगळी मुलं शाळेत एकत्र गाणार आहेत, तुमच्या मुलालाही पाठवा. एखादा पालक नाही म्हणेल. एखादं मूल काढूनही घेतील. ती झळ सोसायची तयारी ठेवा, आणि घरी यजमानांशी त्याबद्दल आधीच बोला. मला वाटतं, बहुतेक पाठवतील, कारण डाव्या हाताने धुमा घुमवणारं पोर शेजारी बसलं की पेटीवाल्या मुलाची लय आपोआप सुधारते, हे त्यांना एका महिन्यात ऐकू येईल.

'पोराक गाणा कित्याक? पोट भरतला काय?' असं कुणी विचारलं तर खोटी आशा दाखवू नका. आपल्या जिल्ह्यात भजनी बुवांना, पखवाजवाल्यांना, दशावतारातल्या पेटीवाल्यांना कार्यक्रमाची सुपारी मिळते, चार पैसे सुटतात. त्यावर संसार चालवणारे थोडे. परीक्षांचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा ज्याला द्यायच्या त्याने जरूर द्याव्यात, दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात आणि लोककलेसाठीही तशी तरतूद आहे. कुठल्या परीक्षा आणि कुठले प्रकार धरतात, प्रस्ताव कधी पाठवायचा, ते शाळेत आठवीतच विचारून ठेवा. परीक्षेची फी आणि केंद्रावर जाण्या-येण्याचं भाडं वर्गाच्या डब्यातून द्या. पण सगळ्यांना परीक्षेला बसवू नका. काही मुलांना नुसतं गायचं असतं, त्यांना गाऊ द्या.

वर्ग बंद करू नका, ताई. मे महिनाभर थांबलाय तो तसाच थांबू दे. शाळा उघडायच्या आधी तुमच्याकडे थोडे दिवस आहेत. त्यात त्या 17 घरांपैकी जमतील तितक्या घरी जाऊन या, पखवाज वाजवणाऱ्या एखाद्या बुवांना बरोबर घेऊन. वाडीत त्यांना सगळे ओळखतात, तुम्ही अजून वरच्या घरच्या बाई आहात. त्यांना आठवड्यातला एक दिवस वर्गात शिकवायलाही सांगा. आणि जी 5 मुलं एप्रिलअखेरपर्यंत येत राहिली, त्यांना विचारा की तुम्ही का थांबलात. त्यांची घरं कुठे आहेत, संध्याकाळी घरी कोण असतं, पेटी कुणाच्या घरी आहे, हे सगळं लिहून काढा. वेळ पाचची ठेवायची की शाळा सुटल्याची, ते त्या कागदावरून ठरेल. काय कळलं ते मला चतुर्थीपूर्वी लिहा. तुमच्यासारखी आणखी तीन पत्रं माझ्याकडे आहेत, एक दापोलीकडचं, दोन देवगड तालुक्यातली, आणि त्या तिघींनाही वर्ग जूनमध्येच सुरू करायचे आहेत.